डोकं दुखतंय? मग वही काढा

आम्ही भिसेगावच्या बचत गटातल्या महिला. आमच्यातल्या काही जणी पहाटेची कर्जत लोकल धरून कामाला जातात, काही शेतावर. पण डोकं दुखलं की सगळ्यांचं औषध एकच. दुकानातून गोळी आणायची, चहाबरोबर गिळायची आणि कामाला लागायचं.

आमच्या गटातल्या एकीचं असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "महिन्यातून किती दिवस दुखतं? गोळ्या किती घेता?" तिला सांगताच येईना. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर वहीत लिहून आणा." तिला राग आला. डोकं फुटायची वेळ आली आणि हे म्हणतात वही लिहा!

पण लिहून ठेवण्यानं काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. १९७६ साली, आपला जिल्हा अजून कुलाबा म्हणून ओळखला जायचा तेव्हा, डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावून तिथे माणसं दगावत होती, लहान मुलं तर फार. नेमका उपाय पुस्तकात मिळत नव्हता. मग डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवू लागले. घाम किती आला, उलट्या झाल्या का, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब किती. त्या नोंदींतून कळलं की विंचवाच्या विषाचा घाला हृदयावर पडतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यू खूपच कमी झाले.

ते तिथेच थांबले नाहीत, बरं का. नंतर विंचवाच्या विषावरची लस मिळू लागली. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दुसरा गट लवकर बरा झाला. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. आपलाच उपचार पुन्हा तपासायचा आणि त्याहून चांगला सापडला तर तो मान्य करायचा, विज्ञान असं पुढे जातं.

अर्धशिशीच्या एका औषधाची गोष्टही अशीच आहे. प्रोप्रानोलॉल हे मुळात हृदयाचं औषध. १९६० च्या दशकात ते छातीत दुखणाऱ्या रुग्णांना देताना एकाची अर्धशिशीही थांबल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी ते लिहून ठेवलं. पण एकाला गुण आला म्हणजे सगळ्यांना येईल असं नाही. म्हणून पुढे अनेक रुग्णांवर तुलना करून पाहिली, तेव्हा कुठे अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून ते दिलं जाऊ लागलं. मात्र दमा असणाऱ्यांना ते चालत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचं नाही.

आता आपली वही. त्यात रोज चारच गोष्टी लिहा. दुखलं का आणि किती वेळ. कुठे आणि कसं. आदल्या दिवशी काय झालं होतं, म्हणजे उपास, जागरण, ऊन की पाळी. आणि गोळी कोणती, किती घेतली. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर दुखलं त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी गोल करा.

डोक्याला फडकं आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखत असेल तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही अर्धशिशीची लक्षणं. ती पुरुषांपेक्षा बायकांना जवळजवळ तिप्पट होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. आणि एक महत्त्वाचं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा अनेक औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीनंच डोकं दुखायला लागतं.

आमच्या मैत्रिणीच्या वहीत तेच निघालं. तीस दिवसांत बावीस गोल! डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिनं गोळ्या बंद केल्या. पहिले दोन आठवडे दुखणं वाढलं, मग हळूहळू उतरलं. आता महिन्यातून तीनचार दिवसच दुखतं.

पण काही वेळा वही लिहीत बसायचं नाही. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, तापासोबत आखडलेली मान, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, किंवा गरोदरपणात डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच.

आपल्या अंगात काय होतं ते आपल्यालाच आधी कळतं. ते लिहून नेलं की डॉक्टरांचं ज्ञान आपल्या कामी येतं. पुढच्या बैठकीला बचतीच्या पासबुकासोबत ही वहीही घेऊन या.