दया हवी, मालकी नको

पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही मावळातील नवलाख उंबरे येथे नातलगांकडे गेलो होतो. एका बाजूला तळेगाव एमआयडीसीचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे, असे हे गाव. इथे साप निघणे ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल होते ते घरातल्या शाळकरी मुलाच्या हातातील बरणीचे. आत दिवड सापाचे वीतभर पिल्लू होते. पाठ मधोमध वाकडी होती आणि त्याला नीट सरपटता येत नव्हते.

‘खाला, हे जन्मापासूनच असं आहे. सोडलं तर मरेल. मी पाळू का?’

घरातली वडील मंडळी ‘फेकून दे’ म्हणत होती. आम्हाला मात्र मुलाचा प्रश्न खरा वाटला. अपंग जिवाला आसरा देणे हे पुण्याचेच काम, मग त्यात चुकीचे काय?

आपल्या दीनमध्ये मुक्या जिवांचा हक्क मोठा आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, या हदीस आपण मुलांना सांगतोच. सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरील प्राणी आणि पक्षी यांना माणसांसारखेच समुदाय म्हटले आहे. त्याचबरोबर अपाय करणाऱ्या सापाला मारण्याची परवानगीही हदीसमध्ये आहे आणि घरात निघालेल्या सापाला आधी इशारा द्यावा असेही सांगितले आहे. म्हणूनच साप घरात पाळणे अनेक उलमांना मान्य नाही. म्हणजे दया आहे, पण सावधगिरीही आहे.

कायदाही स्पष्ट आहे. नाग, घोणस, धामण, दिवड, मांडूळ हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. ते पाळणे, विकणे, पकडून ठेवणे हा गुन्हा आहे. साप अपंग असला म्हणून त्याला सूट नाही. ही सूट दिली तर काय होईल, हे मांडुळाकडे पाहून कळते. त्याची शेपटी बोथट, डोक्यासारखी दिसते, म्हणून लोक त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. गुप्तधन मिळेल या खुळ्या समजुतीपायी महाराष्ट्रात त्याची तस्करी होते आणि पोलीस वरचेवर आरोपी पकडतात. निरोगी सापाचे हे हाल, तर खरोखर दोन डोकी असलेल्याचे काय? ऑगस्ट २०२० मध्ये कल्याणला दोन डोक्यांचे घोणसाचे पिल्लू सापडले. ते कोणाच्या पेटीत न जाता मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे गेले, हे बरे झाले.

परदेशात तर व्यंग मुद्दाम जन्माला घातले जाते. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथॉन जातीचे ‘स्पायडर’ नावाचे साप अंगावरच्या जाळीदार नक्षीमुळे विकले जातात. ज्या जनुकामुळे ही नक्षी येते, त्याच जनुकामुळे त्यांचे डोके कापते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत त्यांची विक्री बंद केली. तरीही हौशी लोक म्हणतात, ‘खातो, पितो, मग सुखीच आहे.’ साप ओरडत नाही, कण्हत नाही. त्याच्या गप्प राहण्याला सुख समजणे सोयीचे असते, एवढेच.

आम्हाला फरक इथे दिसतो. जन्मतः अपंग जीव समोर आला तर त्याची काळजी घेणे ही अमानत आहे. पण नक्षीसाठी, पैशासाठी अपंग पिढी वाढवणे हा जुलूम आहे. आणि असा साप विकत घेणाराही त्यात वाटेकरी होतो, कारण त्याच्या पैशावरच पुढची अंडी उबवली जातात. आपल्या शहरांतही विदेशी साप पाळण्याची हौस आली आहे. बॉल पायथॉनसारखे प्राणी घरी असतील तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण नोंदणी झाली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. असा साप आधीच घरात असेल तर त्याला मरेपर्यंत नीट सांभाळावे, त्याची पैदास करू नये.

मग बरणीतल्या पिल्लाचे काय झाले? आम्ही वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. सर्पमित्र आले. मुलाने विचारले, ‘हा बरा होईल का?’ ते खोटे बोलले नाहीत. म्हणाले, ‘बाळा, डॉक्टर बघतील. शिकार करता आली तर सोडतील. नाहीतर त्याला त्रास न होता झोपवावं लागेल.’ मुलाच्या डोळ्यांत पाणी आले.

जीव घ्यावाच लागला तर तोही उत्तम रीतीने, कमीत कमी यातना देऊन घ्यावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मी त्याला बरणीत ठेवलं असतं तर तो जगला असता ना?’

‘जगला असता कदाचित,’ आम्ही म्हणालो, ‘पण बरणीत.’

बरणी त्याने स्वतःच धुऊन ठेवली. पालकांनो, मुलाने असा जीव घरी आणला तर त्याला रागावू नका. त्याची दया खरी असते. ती दया कुठे न्यायची, एवढे मात्र आपणच त्याला शिकवायचे आहे.