पहिल्या धारेची? जरा जपून!

एखादी गोष्ट एकदम अस्सल असली की आपण बिनधास्त म्हणतो, ‘पहिल्या धारेची!’ हा शब्द आला हातभट्टीवरून. भट्टीतून सुरुवातीला पडणारी दारू सगळ्यात कडक, म्हणून तिचा मान मोठा. गंमत म्हणजे जगभरचे जाणकार डिस्टिलर नेमकी हीच सुरुवातीची धार बाजूला काढतात!

हे आज सांगायचं कारण म्हणजे मक्याची दारू. अमेरिकेत तिला ‘मूनशाइन’ म्हणतात. नेटवर व्हिडिओ ढिगाने आहेत. प्रेशर कुकर, तांब्याची नळी, मका, यीस्ट... झालं काम! ओझरसारख्या ठिकाणी तर सगळंच हाताशी. एचएएलमुळे यंत्रांशी दोस्ती असलेली माणसं, चहूकडे द्राक्षं आणि जिल्ह्यात मका भरपूर. वीकएण्डला करून बघायचा मोह तुम्हाला झालाच, तर आधी हे वाचा.

चुलीवरची केमिस्ट्री

पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल साधारण ७८ अंशांना. आंबवलेलं ‘रसायन’ तापवलं की अल्कोहोलची वाफ आधी जोरात निघते, ती थंड केली की दारू. मोहाची पारंपरिक भट्टी असो की चकचकीत डिस्टिलरी, तत्त्व एकच. पण सुरुवातीच्या धारेत अॅसिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी द्रव्यंही येतात. शिवाय अल्कोहोलची वाफ गॅसच्या ज्योतीजवळ आली तर भडका ठरलेला. जुनं रेडिएटर वगैरे वापरलं तर शिसं थेट ग्लासात.

खरा व्हिलन

२००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं गेली. मालवणीत तर शंभराहून जास्त. कारण होतं मिथेनॉल. हे कारखान्यात वापरायचं स्वस्त रसायन. नफ्यासाठी ते दारूत मिसळलं जातं. दिसायला, वासाला जवळपास दारूच! शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि पहिला घाव बसतो डोळ्यांच्या नसेवर. त्रास कधीकधी बारा-चोवीस तासांनी सुरू होतो. त्यामुळे पिऊन आल्यावर कुणाला धूसर दिसायला लागलं, तर ‘हँगओव्हर असेल’ म्हणून झोपवू नका. सरळ हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार मिळाले तर माणूस वाचतो.

आणि कायदा?

१९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. लायसन्सशिवाय दारू गाळणं सोडाच, त्यासाठी भट्टी आणि भांडी बाळगणं हाही गुन्हा. ‘स्वतःपुरतीच केली’ हा बचाव चालत नाही. इंग्रजांनी तर १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी खास कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधनं आणली होती. आदिवासींच्या लग्नाकार्यात लागणारी दारूही चोरीची ठरली.

द्राक्षांचं नशीब मात्र पालटलं. २००० मध्ये नाशिकच्या सुलाची पहिली वाइन आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. आज ओझरच्या विमानतळावर उतरून लोक थेट वाइन टेस्टिंगला जातात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये ती राज्याचं ‘हेरिटेज’ पेय झाली. मध्य प्रदेशानेही मोहाच्या दारूला ‘हेरिटेज लिकर’ म्हणून वाट मोकळी केली.

म्हणजे गावठी दारूला मान मिळू शकतो. फक्त बाटलीत काय आहे ते कुणीतरी तपासलेलं हवं आणि त्याची जबाबदारी घेणारं नाव लेबलवर हवं. घरच्या कुकरमधून यातलं काहीच मिळत नाही. तेव्हा मका भाजा, लिंबू-तिखट लावा. आणि हौसच असेल, तर पुढच्या गोवा ट्रिपला उन्हाळ्यात जा. उराक तेव्हाच ताजी मिळते. तीही काजूच्या पहिल्या गाळपाचीच!