पाऊस, पापड आणि सात जणी

"पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहा म्हणता सगळ्या. पण म्हणजे नेमकं करू काय?"

मागच्या भिशीला आमच्या शेजारच्या वहिनी एकदम असं बोलल्या आणि आम्ही सगळ्या गप्प! वहिनी शिवणकाम करतात. दरवर्षी एका शाळेच्या गणवेशांचं काम त्यांना मिळायचं. यंदा ते गेलं. मुलाच्या होस्टेलची फी त्या पैशांवरच भरायची होती. आणि आम्ही मात्र चहाचे घोट घेत उपदेश करत होतो.

मैत्रिणींनो, तेव्हा मला आठवल्या लिज्जत पापडवाल्या सात जणी. गोष्ट आहे १९५९ सालची. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीत राहणाऱ्या या साध्या गृहिणी. शिक्षण फारसं नाही, पण लाटणं हातात बसलेलं. ८० रुपये उसने घेतले आणि १५ मार्चला गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी झाली फक्त चार पाकिटं! जसवंतीबेन पोपट या त्यांच्यातल्याच एक. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला जास्त भावतो तो त्यांचा पहिला पावसाळा. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद ठेवावं लागलं. 'आपल्या नशिबातच नाही' म्हणून त्या घरी बसू शकल्या असत्या. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं माहितीये? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. भर पावसात पापड वाळले! पाऊस थांबवणं आपल्या हातात नसतं, पण स्टोव्ह पेटवणं असतं ना?

दुसरी गोष्ट नात्याची. छगनलाल पारेख यांनी त्यांना पैसे उसने दिले आणि वेळोवेळी सल्लाही दिला. स्वस्तातल्या, हलक्या प्रतीच्या पापडाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की असलं काही करू नका, पापड एकच आणि तो उत्तमच. आधार देणारं माणूस नुसतं गोड बोलत नाही. चुकतंय तिथे टोकतंही. शिवाय या संस्थेत काम करणारी प्रत्येक जण 'बहेन'. नफा सगळ्यांचा, तसा तोटाही सगळ्यांचा. तोटा वाटून घेणारं कुणी असलं की धीर आपोआप येतो.

भिशीत हे सगळं सांगितलं, तेव्हा आमच्यातल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका. तुमचा हात सुरेख आहे, पण कपडे वेळेवर मिळत नाहीत हो." वहिनींचा चेहरा उतरला. मग त्याच म्हणाल्या, "खरंय. घरातलं सगळं आवरून मशीनवर बसेपर्यंत रात्र होते."

बस्स, गाठ सापडली! काकूंनी दुपारी काज-बटण आणि हातशिलाई करून द्यायचं कबूल केलं, अर्थात मजुरी ठरवून. एकीने ओळखीतल्या लग्नघरचे ब्लाऊज आणून दिले. मी वही घातली – कुणाचा कपडा, कधी द्यायचा. गणवेशांचं काम काही परत आलं नाही. फीचा पहिला हप्ता मात्र वेळेवर गेला. दुसऱ्याची काळजी अजून आहे, पण आता ती एकट्या वहिनींची नाही.

तेव्हा सख्यांनो, पुढच्या वेळी कुणी रडवेली समोर आली, तर 'सगळं छान होईल गं' म्हणून तिला वाटेला लावू नका. शेजारी बसा आणि विचारा, "अडलंय कुठे? मी त्यातलं काय करू?" आणि आपल्यावर वेळ आली, तर मागायला लाजू नका.

पावसाळा काय, सगळ्यांच्याच घरी येतो. खाट एकीने आणावी, स्टोव्ह दुसरीने!