चार वाजल्यानंतरची शाळा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात चेल्टनहॅम नावाचं शहर आहे. अठराव्या शतकात तिथल्या औषधी पाण्याच्या झऱ्यांमुळे ते नावारूपाला आलं. 1788 मध्ये तिसरा जॉर्ज राजा स्वतः हवापालटाला येऊन राहिला आणि मग बड्या लोकांची रीघ लागली. पुढच्या शतकात त्या रिघेत आणखी एका वर्गाची भर पडली, हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांची. पेन्शन बरी, हवा सौम्य, आणि शेजारीपाजारीही मुंबई-मद्रास पाहिलेले. या मंडळींच्या मुलग्यांसाठी 1841 मध्ये तिथे शाळा निघाली. मुलींची सोय व्हायला मात्र आणखी एक तप जावं लागलं. 1853 मध्ये चेल्टनहॅम लेडीज कॉलेजची स्थापना झाली आणि 1854 च्या फेब्रुवारीत 82 विद्यार्थिनींवर ते सुरू झालं.

नावात ‘कॉलेज’ असलं तरी ही माध्यमिक शाळा आहे, 11 ते 18 वर्षांच्या मुलींची. आज तिथे साडेआठशेच्या आसपास मुली शिकतात. त्यातल्या बहुतेक शाळेतच राहतात, बाकीच्या संध्याकाळी आपापल्या घरी जातात. इंग्लंडमध्ये अशा शाळा बऱ्याच आहेत. ब्रायटनजवळची रोडीन, हाय विकमची विकम अ‍ॅबी, इंदिरा गांधी काही काळ जिथे होत्या ती ब्रिस्टलची बॅडमिंटन, या सगळ्या त्याच कुळातल्या. चेल्टनहॅम घेतलं की बाकीच्यांचा ढाचा समजतो, म्हणून इथे तेच घेतलं आहे. शिवाय मराठी वाचकाचा या शाळेशी जुना संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी पैशाचं आणि मालकीचं बघू. या शाळेला सरकारी अनुदान नाही आणि ती कुणा एका मालकाची दुकानदारीही नाही. ती धर्मादाय संस्था आहे. तिच्यावर नियामक मंडळ असतं. प्राचार्यांची नेमणूक मंडळ करतं, शिल्लक राहिलेला पैसा शाळेतच घालावा लागतो. सरकारी अभ्यासक्रम पाळण्याची सक्ती नसल्यामुळे लॅटिन किंवा ग्रीक शिकवायला ती मोकळी असते. पण सोळाव्या वर्षीची जीसीएसई आणि अठराव्या वर्षीची ए-लेव्हल किंवा आयबी या परीक्षा बाहेरच्या मंडळांच्याच असल्याने ही मोकळीक तशी मर्यादितच. स्वातंत्र्याची किंमत पालक मोजतात. नामांकित निवासी शाळांची राहण्या-जेवणासकट फी आता वर्षाला 50 हजार पौंडांच्या पुढे गेली आहे. त्यातच 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागू झाला. शिष्यवृत्त्या आणि ऐपतीनुसार फीसवलत असते, पण तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची कसून छाननी होते. ही शाळा सर्वांसाठी आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही, आणि तसा आव आणण्यात अर्थही नाही.

प्रवेशाच्या मुख्य पायऱ्या तीन, वयाच्या अकराव्या, तेराव्या आणि सोळाव्या वर्षी. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, आधीच्या शाळेकडून अहवाल मागवला जातो. नाव मात्र फार आधी, वर्ष-दोन वर्षं अगोदर नोंदवावं लागतं. प्रवेश मिळाला की चेल्टनहॅममध्ये सातवी-आठवी असं कुणी म्हणत नाही. पहिली तीन वर्षं ‘लोअर कॉलेज’, पुढची दोन ‘अपर कॉलेज’, शेवटची दोन ‘सिक्स्थ फॉर्म’. वर्गांची नावंही एलसी वन, यूसी फोर अशी.

ही झाली कागदावरची शाळा. तिचा खरा गाडा चालतो तो ‘हाउस’वर. हाउसला वसतिगृह म्हटलं तर अर्धंच कळतं. आपल्याकडे वसतिगृह म्हणजे झोपायची आणि जेवायची जागा. तिथल्या रेक्टरबाईंचा आणि वर्गातल्या गणिताच्या मार्कांचा संबंध असतोच असं नाही. इथे उलट आहे. मुलगी शाळेत दाखल होते ती हाउसमार्फत. तिची अभ्यासातली घसरण, तिचं आजारपण, मैत्रिणीशी झालेलं भांडण, आईचा फोन, सगळं हाउसमिस्ट्रेसपर्यंत येतं. ही बाई तिथेच राहते, बहुधा स्वतःच्या कुटुंबासह. तिच्या हाताखाली मदतनीस आणि मेट्रन असतात. धुण्याला गेलेला मोजा हरवला इथपासून रात्री ताप चढला इथपर्यंत पहिली हाक मेट्रनला. यांच्याखेरीज प्रत्येक मुलीला एक ट्यूटर नेमून दिलेला असतो. तो किंवा ती आठवड्याला तिच्याशी बसून अभ्यासाचा हिशेब घेते.

चेल्टनहॅमची गंमत अशी की तिथली हाउसं एकाच आवारात नाहीत. शाळेची मुख्य इमारत बेझहिल रोडवर, आणि हाउसं आसपासच्या रस्त्यांवर विखुरलेली. त्यामुळे पुस्तकं छातीशी धरून मुलींचे घोळके दिवसातून अनेकदा भर शहरातून ये-जा करताना दिसतात. काळ्या-पांढऱ्या फरशीचा तो प्रसिद्ध ‘मार्बल कॉरिडॉर’ ओलांडला की शाळा, फाटकाबाहेर पडलं की गाव. उंच भिंतीआडच्या शाळांपेक्षा मला ही रचना निकोप वाटते. रस्त्यावरची रहदारी रोज दिसत राहिली की शाळा म्हणजेच जग असा समज होत नाही.

सर्वसाधारणपणे दिवस असा जातो. सातच्या सुमारास उठणं, खाली नाश्ता, हाउसमध्ये हजेरी. मग शाळेत सकाळची सभा आणि तास. दुपारचं जेवण झालं की पुन्हा तास. चारच्या आसपास घंटा होते, पण दिवस संपत नाही. पुढचे दोनेक तास हॉकी, लॅक्रॉस, पोहणं, वाद्यांची शिकवणी, नाटकाची तालीम, वादविवाद मंडळ. मग रात्रीचं जेवण, तेही आपल्या दृष्टीनं दिवेलागणीलाच. त्यानंतर ‘प्रेप’. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास ठरलेल्या वेळात शांतपणे करायचा. लहान मुली एकत्र बसून, मोठ्या आपापल्या टेबलावर. त्यानंतर थोडा मोकळा वेळ. धाकट्या मुलींचे मोबाईल झोपण्याआधी गोळा होतात, आणि दिवे मालवण्याची वेळ वयागणिक पुढे सरकते. अनेक निवासी शाळांत शनिवारी सकाळीही तास किंवा सामने असतात.

धाकट्या मुली तिघी-चौघींच्या खोलीत राहतात. वय वाढेल तशी खोलीतली गर्दी कमी होते. सिक्स्थ फॉर्मला गेल्यावर चेल्टनहॅमच्या मुली हाउसच बदलतात. मोठ्यांची हाउसं वेगळी. तिथे बहुतेकींना स्वतंत्र खोली, स्वयंपाकाची छोटी सोय, बाहेर जाण्याची थोडी अधिक मुभा. विद्यापीठात गेल्यावर एकदम मोकळं रान मिळू नये म्हणून दोन वर्षं आधीपासून दोर सैल करत न्यायचा, हा त्यामागचा हिशेब. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला हा सगळ्यात शहाणपणाचा भाग.

आता घरून येणाऱ्या मुलींचं. जिथे बहुसंख्य मुली राहणाऱ्या असतात तिथे ‘डे गर्ल’ उपरी ठरण्याचा धोका असतो. खरी मैत्री जुळते ती रात्रीच्या जेवणाला आणि रविवारच्या आळसात, आणि नेमकी तेव्हा ती तिथे नसते. यावर चेल्टनहॅमनं काढलेला उपाय म्हणजे डे गर्ल्सनाही स्वतःची हाउसं. तिथे पलंग नाहीत, बाकी सारं आहे: हाउसमिस्ट्रेस, बैठकीची खोली, अभ्यासाची जागा, आंतर-हाउस स्पर्धांसाठी स्वतःचा संघ. चारनंतरच्या तालमी आणि खेळ तिलाही खुले असतात, म्हणून तिचा दिवसही लांबतो. काही शाळांनी आठवडी निवासाचा मधला मार्ग काढला आहे. त्यात सोमवार ते शुक्रवार मुलगी शाळेत राहते आणि शनिवार-रविवार घरी जाते. पालकांना हे सोयीचं वाटतं, पण त्यामुळे परदेशातून आलेल्या मुलींपुढे शनिवार-रविवारी रिकामं हाउस उभं राहतं.

वर्षाची सत्रं तीन. प्रत्येक सत्राच्या मध्यावर सुट्टी, आणि शिवाय ‘एक्झिआट’ नावाचे ठरावीक शनिवार-रविवार, तेव्हा मुलींनी शाळेबाहेर जायचंच. ज्यांचं घर तासाभरावर आहे त्यांना ही मौज वाटते. ज्यांचं घर पुण्यात, लागोसमध्ये किंवा हाँगकाँगला आहे त्यांच्यासाठी ‘गार्डियन’ लागतो. आईवडील परदेशात असतील तर ब्रिटनमध्ये राहणारा असा पालक नेमून द्यावा, असा शाळांचा आग्रह असतो. नातेवाईक नसले तर हे काम पैसे घेऊन करणाऱ्या संस्था आहेत. मुलीला ‘चाइल्ड स्टुडंट’ व्हिसा लागतो, आणि तो फी घेणाऱ्या स्वतंत्र शाळेसाठीच मिळतो. इंग्लंडच्या सरकारी शाळेत या व्हिसावर शिकता येत नाही.

देखरेखीसाठी कायदा आहे. निवासी शाळांना सरकारनं किमान मानकं घालून दिली आहेत. झोपण्याची जागा, जेवण, आग लागली तर बाहेर पडण्याच्या वाटा, औषधं, रात्री कोण मोठं माणूस कुठे असेल, सगळं त्यात येतं. आणखी एक अट मोलाची. शाळेच्या कारभाराबाहेरची, पालकही नसलेली एक व्यक्ती नेमायची आणि तिचा संपर्क प्रत्येक मुलीला माहीत असायचा, म्हणजे हाउसमधल्या कुणाविषयी तक्रार असेल तर तिच्याकडे जाता येईल. बंद दारांआड चालणाऱ्या संस्थेत तक्रारीची वाट तिच्या बाहेरून जायलाच हवी. आपल्याकडच्या वसतिगृहांनी यातलं इतर काही नाही घेतलं तरी एवढं जरूर घ्यावं.

हा सारा डोलारा ज्यांनी उभा केला त्या डोरोथिया बील. 1858 मध्ये त्या प्राचार्य म्हणून आल्या तेव्हा मुलींची संख्या सत्तरच्याही खाली आली होती आणि तिजोरी आटत चालली होती. 1906 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा संख्या हजारावर गेली होती. मुलींना भूमिती नि विज्ञान कशाला, असं विचारणारे पालक होते. बीलबाईंनी भांडण न काढता प्राकृतिक भूगोलाच्या नावाखाली विज्ञान आत आणलं. शिस्त कडक होती, परवानगीशिवाय मुलींनी आपसात बोलायचं नाही असा नियम होता. दुसऱ्या शाळांशी सामने खेळणं त्यांना पसंत नव्हतं. मुलींची शाळा चालवायची तर शिकलेल्या शिक्षिका हव्यात हे ओळखून त्यांनी शिक्षिका-प्रशिक्षणाची सोय केली आणि 1893 मध्ये ऑक्सफर्डला सेंट हिल्डाज कॉलेज काढलं.

याच बीलबाईंकडे 1884 मध्ये पंडिता रमाबाई आल्या. वय पंचविशीच्या पुढे, पती वारलेले, पदरी लहानगी मनोरमा. इंग्लंडला आल्या होत्या वैद्यक शिकायला, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं तो विचार सोडावा लागला. चेल्टनहॅमला त्या गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवत. तिथेच एक वाद उभा राहिला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही संस्कृत शिकवावं का? हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, अशानं मायदेशात रमाबाईंच्या शब्दाची किंमत जाईल म्हणून. रमाबाई संतापल्या. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, बायको आणि मुलींना संस्कृत शिकवलं होतं, भरसभेत पुराण सांगितलं म्हणून रमाबाईंना त्यांनी कधी अडवलं नव्हतं, आणि आता इंग्लंडात राहून हा सोवळेपणा ऐकायचा! धर्माच्या प्रश्नावरही त्यांचे आणि ख्रिस्ती मिशनच्या मंडळींचे खटके उडत होते. अशा वेळी बीलबाईंनी त्यांच्या शंकांना दडपलं नाही, पत्रांतून चर्चा चालू ठेवली.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. 11 मार्च 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. तिथे राहणाऱ्या मुली होत्या तशा घरून येणाऱ्याही. चेल्टनहॅमचा साचा त्यांनी उचलला असं म्हणणं धाडसाचं होईल, कारण त्यांच्यापुढचा प्रश्नच निराळा होता: तिकडे घर असलेल्या मुलींसाठी शाळा, इकडे घरानं टाकलेल्यांसाठी घर. इकडे पुण्यात 1884 मध्येच रानडे-भांडारकरांच्या पुढाकारानं हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली होती, आणि तीही आजतागायत चालू आहे.

अशा शाळेचा विचार करणाऱ्या, मग ती चेल्टनहॅमची असो की पाचगणीची, मराठी आईबापांनी निकालाचे आकडे जरूर बघावेत. ते शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलेच असतात. त्यात छापलेलं नसतं ते समक्ष विचारावं. रविवारी दुपारी हाउसमध्ये किती मुली असतात? हाउसमिस्ट्रेस किती वर्षांपासून आहे, आणि तिच्या आधीची का गेली? रात्री दोन वाजता मुलगी रडत उठली तर ती कुणाचं दार ठोठावेल? आणि मुलाखतीच्या दिवशी मुलीला अर्धा तास त्याच वयाच्या मुलींबरोबर एकटीला बसू द्या, मोठ्यांनी बाहेर थांबावं.