सन्ना : एका गावाची अरबी

माझ्यासारख्या फौजी माणसाला सायप्रस आठवतो तो आपल्या तीन सेनानींमुळे. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व ग्यानी, थिमय्या आणि प्रेमचंद यांनी केलं. थिमय्यांचं तर १९६५ साली तिथेच निधन झालं. आज मात्र विषय आहे त्या बेटाच्या वायव्येकडच्या एका गावाचा, कोर्माकिटिसचा.

हे लोक मॅरोनाइट पंथाचे ख्रिस्ती. पूर्वज काही शतकांपूर्वी सीरिया-लेबनॉनकडून आले. बेटावर मॅरोनाइटांची गावं चार, पण अरबी टिकली ती या एकाच गावात. गावकरी तिला 'सन्ना' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. ग्रीकांच्या शेजारात राहून तिच्यात भरपूर ग्रीक शब्द शिरले, अरबीतले काही जड उच्चार गळाले. बैरुतच्या माणसालाही ती सहज कळत नाही.

इतर अरबी बोलींच्या पाठीशी कुराण, शाळा, वर्तमानपत्रं असतात. सन्नाला यातलं काहीच नव्हतं. प्रार्थना सिरियाक भाषेत, शाळा ग्रीक. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा ग्रीक किंवा तुर्की यांपैकी एक समाज निवडायचा होता. मॅरोनाइटांनी ग्रीक निवडला. मग भाषेला आधार कशाचा? फक्त गावाचा. शेत, चावडी, सोयरीक सगळं तिथल्या तिथे.

तोच आधार १९७४ मध्ये गेला. जुलैत तुर्की फौजा उतरल्या (शांतिसेनेची कमान तेव्हा प्रेमचंद यांच्याकडे होती) आणि गाव उत्तरेच्या ताब्यात राहिलं. बहुतेक लोक दक्षिणेला, मुख्यतः निकोसियाला गेले. मागे राहिली ती म्हातारी माणसं; त्यांच्यापर्यंत शांतिसेना रसद पोचवत असे. शहरात मुलांची लग्नं ग्रीक घरांत होऊ लागली आणि घरातली भाषा ग्रीक झाली. माझ्या मते गोळीबारापेक्षा या लग्नांनीच सन्नाचं जास्त नुकसान केलं, आणि त्यात दोष कुणाचाच नाही.

२००३ मध्ये सीमेवरची नाकी उघडली. लोक शनिवार-रविवारी गावी येऊ लागले. २००८ मध्ये सरकारने युरोपीय सनदेखाली सन्नाला अल्पसंख्याक भाषेची मान्यता दिली. तिच्यासाठी रोमन अक्षरांवर आधारलेली लिपीही ठरली.

आता बोलणारे साधारण नऊशे सांगतात, बहुतेक उतारवयाचे. उन्हाळ्यात गावात मुलांची शिबिरं भरतात. तिथे शिकलेलं घरी बोलायचं तर आजी-आजोबाच हवेत, कारण पुष्कळशा आईवडिलांनाच ती नीट येत नाही.