नकळत घडलेले पाप

एखाद्या सरकारी कचेरीत एका विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद चार महिने पडून राहतो. ज्या कारकुनाच्या टेबलावर तो अडकला, त्याच्या मनात कोणाचे वाईट करावे असे नसते. कागद दुसऱ्याच फायलीत गेलेला असतो, आणि त्या बाईच्या घरी चूल कशी पेटते हे त्याला ठाऊकही नसते. अशा माणसाच्या हातून पाप घडले असे म्हणावे काय? पापाला हेतू लागतो की नाही, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मचिंतकांनी शतकानुशतके विचार केला आहे.

मराठी श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटू नये. श्रावणबाळावर दशरथाने बाण सोडला तो हत्ती समजून. तरी पुत्रशोकाचा शाप काही टळला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही अजाणता केलेले पाप आणि जाणूनबुजून केलेले पाप यांच्या प्रायश्चित्तांचा वेगवेगळा विचार आहे.

बायबलच्या जुन्या करारातील व्यवस्था याच्याशी बरीच मिळतीजुळती आहे. लेवीयच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांत चुकून घडलेल्या पापांसाठी कोणते अर्पण करावे हे सांगितले आहे. माणसाला आपली चूक कळली नसली तरी तो दोषी ठरतो, असेही तेथे म्हटले आहे. उलट, जो उद्दामपणे, देवाला आव्हान देऊन पाप करतो त्याचा समाजातून उच्छेद व्हावा, असे गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. पापासाठी वापरलेल्या मूळ हिब्रू धातूचा एक अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. गोफणीचा दगड केसभरही न चुकविणाऱ्या योद्ध्यांचे वर्णन शास्ते या पुस्तकात येते, तेथे हाच धातू वापरला आहे. नेम चुकण्यासाठी चुकविण्याची इच्छा असावी लागत नाही, हे उघड आहे.

नव्या करारात मात्र भर अंतःकरणावर पडतो. परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे येशू म्हणतो. म्हणजे हेतू नसेल तर दोष हलका होतो, तसा कृती घडली नाही तरी केवळ हेतूनेही दोष लागतो. ही दुसरी बाजू पुष्कळदा विसरली जाते. बाराव्या शतकात फ्रान्समधील पंडित आबेलार याने हा विचार टोकाला नेला. पाप कृतीत नसून मनाने दिलेल्या संमतीत आहे, असे त्याने प्रतिपादिले. त्याच्या कित्येक मतांचा चर्चने निषेध केला. परंतु संमतीचे महत्त्व कॅथलिक नीतिशास्त्रात पुढे टिकून राहिले. त्या शास्त्राप्रमाणे प्राणघातक पाप घडण्यास तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असावी, ती तशी आहे याचे पूर्ण ज्ञान असावे आणि तिला मनःपूर्वक संमती असावी. यांपैकी ज्ञान वा संमती अपुरी असेल तर दोष उणावतो. मात्र अज्ञान स्वतःच्या हलगर्जीपणामुळे आलेले असेल तर ते ढाल होऊ शकत नाही. आपला कारकून येथे सापडतो. कागद कोठे आहे हे त्याला माहीत नव्हते हे खरे, पण ते शोधणे हे त्याचेच काम होते.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट पंथांत याविषयी मतभेद झाले. 1647 मध्ये सिद्ध झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत पापाची व्याख्या करताना हेतूचा उल्लेखच नाही. ईश्वरी नियमाशी जे जुळत नाही ते पाप, एवढाच तिचा भावार्थ. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला हे पटत नव्हते. ज्ञात नियमाचे स्वेच्छेने केलेले उल्लंघन तेच खरे पाप, असे तो म्हणे. तरी नकळत झालेल्या उल्लंघनांनाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज आहे, असे तोच पुढे सांगतो. विसंगती वाटावी अशीच ही भूमिका आहे; पण तिच्यात माणसाची पारख दिसते. दोष देणे वेगळे आणि झालेल्या हानीची भरपाई होणे वेगळे, हे तिने ओळखले आहे.

ही सगळी मते चेन्नईसारख्या एकाच शहरात नांदताना दिसतात. मैलापूरला, प्रेषित थोमाच्या समाधीचे स्थान म्हणून परंपरेने मानलेल्या जागी, सान थोमेचे कॅथलिक बॅसिलिका उभे आहे. तेथून काही मैलांवर सेंट जॉर्ज कॅथीड्रल आहे. 27 सप्टेंबर 1947 रोजी याच कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ची स्थापना झाली. वेस्लीचे अनुयायी मेथडिस्ट, वेस्टमिन्स्टरच्या परंपरेतून आलेले प्रेस्बिटेरियन, तसेच काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन त्या दिवशी एका चर्चचे सभासद झाले. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात तर पापांबरोबरच हयगयींची आणि अज्ञानाने झालेल्या चुकांचीही क्षमा मागितलेली आहे.

या एकीकरणासाठी पापाच्या व्याख्येचा वाद मिटविण्याची अट घातलेली नव्हती. पवित्र शास्त्राबरोबर प्रेषितांचा मतांगीकार आणि नायसियाचा मतांगीकार यांना संयुक्त चर्चने मान्यता दिली. या दोन्ही प्राचीन मतांगीकारांत पापांची क्षमा आहे असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे, पण पाप म्हणजे काय हे सांगितलेले नाही.

लूककृत शुभवर्तमानात क्रुसावरून येशूने केलेली प्रार्थना येते. आपण काय करीत आहोत हे या लोकांना समजत नाही, म्हणून त्यांना क्षमा कर, अशा आशयाची ती आहे. अज्ञान हे येथे क्षमेचे कारण म्हणून पुढे केले आहे. तथापि अज्ञान असल्यामुळे क्षमेची गरजच नाही, असे म्हटलेले नाही. कारकुनाच्या बाबतीतही तेच लागू पडेल. त्याने कोणाचे वाईट चिंतिले नाही हे ती विधवा मान्य करील. चार महिन्यांचे पैसे मात्र तिला त्याच्याकडूनच हलवून घ्यावे लागतील.