आठवा सर्व्हर

परीक्षेचं वेळापत्रक बदललं आणि आठांपैकी एका वर्गाच्या फळ्यावर जुनंच राहिलं, तर? त्या वर्गातली मुलं गणिताच्या दिवशी भूगोल घोकून येतील!

अमेरिकेतल्या 'नाइट कॅपिटल' या कंपनीचं 2012 साली असंच झालं. शेअर्सची खरेदी-विक्री करणारा नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तंत्रज्ञानं सातांवर चढवला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासलंही नाही. त्या आठव्यात 2003 पासून न वापरलेला एक प्रोग्राम निपचित पडून होता. आणि नव्याला सुरू करण्यासाठी ठरवलेली खूण नेमकी त्या जुन्याचीच!

1 ऑगस्टला बाजार उघडला नि आठवा सर्व्हर भराभर ऑर्डरी सोडू लागला. गोंधळलेल्या मंडळींनी काय करावं? उरलेल्या सातांवरचा नवा प्रोग्राम काढून टाकला! मग तिथलाही जुना जागा झाला. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलर्सहून जास्त नुकसान. बाजार उघडण्याआधी संगणकानं 97 ई-मेल धाडले होते. तिकडे कुणी बघितलंच नाही. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आता हे काम बहुतेक ठिकाणी माणसाच्या आठवणीवर सोडत नाहीत. एक छोटी आज्ञावली सगळ्या सर्व्हरवर प्रोग्राम चढवते, आणि सगळीकडे एकच आवृत्ती आहे ना, हेही बघते.

पण जुना प्रोग्राम वेळीच पुसला का नाही? पुसायची भीती वाटते हो! त्यावर लिनस टोरवाल्ड्सनं 2005 साली बनवलेलं 'गिट' कामी येतं. त्यात प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते, त्यामुळे नको ते खुशाल पुसता येतं. गिट फुकट मिळतं. घरी संगणक असेल, तर ताईदादाला विचारून बघा.